बिडीच्या कागदाएवढा उतार

एरंडोलला निंबाच्या सायकल दुकानामागं कॅरमची एक खोली आहे. तिथं चुडामण नाना रोज दुपारी दोनला येतात आणि पाच वाजेपर्यंत खोटं बोलतात. हे त्यांच्या तोंडावर सांगितलं तरी ते चिडत नाहीत. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेली कापडी पिशवी बाहेर काढतात, तिच्यातला पिवळा पडलेला हस्तिदंती स्ट्रायकर तळहातावर ठेवतात आणि विचारतात, "मग हा काय मी बाजारातून आणला?"

तो स्ट्रायकर भाईदास पिंपळनेरकराचा आहे, एवढं तरी सगळ्यांना ठाऊक असतं.

भाईदास म्हणजे त्या काळच्या फिरत्या कॅरमवाल्यांचा राजा. ही माणसं खिशात स्ट्रायकर आणि पिशवीत पावडरचा डबा घेऊन खानदेशभर एसटीनं हिंडायची. गावात उतरायचं, चहा प्यायचा, बोर्ड कुठं आहे हे कोणाला न विचारता सोंगट्यांच्या आवाजाच्या मागानं जायचं, आणि समोर बसेल त्याच्याशी पैज. घड्याळावर पैज, सायकलीवर, केळीच्या घडांवर, एकदा तर चालू लग्नातल्या बँडवर. बँड जिंकला तर तो वाजवत पुढच्या गावाला.

"बोदवडला काय झालं माहीत आहे?" नाना सुरू करायचे. "स्टेशनाजवळची खोली. भाईदासाची राणी पॉकेटच्या ओठावर येऊन थांबली, अर्धी आत, अर्धी बाहेर. समोरचा हसायला लागला. भाईदासानं स्ट्रायकर खाली ठेवला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, तुझा हात मारायच्या आधी एक घोट पाणी पी. तो पाणी प्यायला गेला, तेवढ्यात मालगाडी आली. अठ्ठावन्न डबे! चोपन्नाव्या डब्याला राणी आत."

"ही तर रेल्वेनं घातली, नाना!" निंबा म्हणायचा.

"त्यावरच दोन दिवस पंचायत बसली. शेवटी ठरलं, की ज्याला गाडीचं टाइमटेबल पाठ आहे, त्याची राणी."

जळगावला भाईदासानं म्हैस जिंकली. कंडक्टर म्हशीला तिकीट देईना, म्हणून तो पायी निघाला. वाटेत प्रत्येक गावात एक डाव. धुळ्याला पोचेपर्यंत म्हशी तीन झाल्या होत्या. आणि उजव्या हाताची तर्जनी? तिला त्यानं जन्मात मीठ लागू दिलं नाही. भाकरी खाताना ते बोट देवळाच्या कळसासारखं वर, बाकीच्या बोटांनी घास. मिठानं म्हणे बोट जड होतं.

या सगळ्या कथा एकाच ठिकाणी येऊन थांबायच्या. "असा हा भाईदास पंचेचाळीस वर्षांपूर्वी या खोलीत, या बोर्डावर, माझ्यासमोर बसला. आणि हरला."

फिरत्या खेळाडूंचा एक रिवाज होता. हरणाऱ्यानं आपला स्ट्रायकर जिंकणाऱ्याकडं ठेवून जायचं. परत हवा असेल तर त्याच्या गावी, त्याच्याच बोर्डावर, त्याच माणसाला हरवून न्यायचा. भाईदास परत आला नाही. पिवळा स्ट्रायकर नानांच्या छातीवर राहिला, आणि नाना एरंडोलात नाना झाले. नाहीतर पंचायत समितीतल्या निवृत्त शिपायाला कोण उठून खुर्ची देतो?

तो बोर्डही देवासारखा झाला. नानांचा हुकूमच होता, झाडायचा पण हलवायचा नाही. खोलीला फरश्या बसवल्या, तर गवंड्यानं स्टँडच्या चारी पायांभोवतीनं फरशी कापून बसवली. त्या बोर्डावर एरंडोलची पोरं अजिंक्य. जळगावच्या, धुळ्याच्या स्पर्धांना गेली की मात्र पहिल्या फेरीत गारद. जळगावची पावडर वाईट, धुळ्याचं पाणी बाधतं, बोदवडला नजर लागते. पंचेचाळीस वर्षं अशी कारणं निघत होती, आणि खरं कारण एकट्या नानांना माहीत होतं.

डावीकडच्या मागच्या पायाखाली बिडीच्या बंडलाचा गुलाबी कागद होता. चार घड्या घातलेला.

भाईदास येणार अशी वर्दी मिळाल्यावर तेव्हाच्या एकतीस वर्षांच्या चुडामणनं तो महिनाभर आधी सरकवला होता. उतार इतका, की पाण्याचा थेंबही विचार करून घरंगळेल. महिनाभर चुडामण त्या उतारावर खेळला. सामना तीन डावांचा झाला. तिसऱ्या डावात भाईदासाची शेवटची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी आली आणि अगदी शेवटी, झोपेत कूस बदलावी तशी, बाजूला वळली.

ही गोष्ट नानांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

एका मंगळवारी दुपारी नाना गोष्टीतल्या म्हशींना धुळ्यापर्यंत घेऊन आलेच होते, तेवढ्यात दुकानासमोर रिक्षा थांबली. पन्नाशीची एक बाई उतरली. तिनं हात दिला आणि मागून एक वाळलेला, उंच म्हातारा उतरला. डोक्याला पांढरा रुमाल. उजवा हात असा थरथरत होता, की पिशवीतला डबा आत खुळखुळ वाजत होता.

"इथं चुडामण नाना कोण?" बाईनं विचारलं. "मी हेमलता. पिंपळनेरहून आलो आम्ही. हे माझे वडील, भाईदास आबा. यांना स्ट्रायकर परत न्यायचा आहे."

खेळणारी पोरं बोर्डावरून उठली.

"कसा शेस रे, चुडामण?" म्हातारा म्हणाला. "जित्ता शे ना आजून?"

नानांनी गळ्यातली पिशवी सदऱ्याआत सारली. आयुष्यात पहिल्यांदाच.

निंबानं धावपळ करून पोहे मागवले. भाईदास आबा बाकावर बसले, बशी मांडीवर घेतली, आणि थरथरत्या हाताची तर्जनी वर करून बाकीच्या बोटांनी पोहे खाऊ लागले.

नाना बघतच राहिले. बोटाचं ते तर आपणच रचलं होतं! बारा-तेरा वर्षांपूर्वी, पावसामुळं खोलीत अडकून बसावं लागलं म्हणून. हळूच त्यांनी हेमलताला विचारलं, "ताई, हे बोट..."

"कायमचंच आहे, नाना. मीठ त्या बोटाला लागू देत नाहीत. लग्नात आम्हाला लाज वाटायची."

"आणि म्हशी?" नानांनी विचारलं.

"धुळ्याहून तीन निघाल्या होत्या म्हणतात. घरी पोचल्या दोनच. एक साक्रीत हरले."

नाना बोर्डाजवळच्या बाकावर टेकले. आपण आयुष्यभर खोटं बोललो, आणि हा माणूस ते सगळं आधीच करून बसला होता! मग उरलं एकच खोटं. ते या बोर्डाच्या पायाखाली होतं.

आबा उठले. बोर्डावर पावडर टाकली, फुंकर मारली. मग रुमाल काढून वाकले आणि कान लाकडाला लावला. नखानं टिचकी मारली. एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. डावीकडच्या मागच्या कोपऱ्यापाशी आले आणि थांबले. तसेच वाकलेले, नानांच्या कानाजवळ तोंड आणून, इतक्या हळू की दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये, त्यांनी विचारलं, "कागद आजून तठेच शे का रे?"

"तुम्हाले... माहीत व्हतं?"

"त्याच दिन समजनं व्हतं माले. पहिलाच डावमा."

"मंग तुम्ही बोलनात का नही?"

आबांना प्रश्नच विचित्र वाटला. "पाव्हना मानूस यजमानना पाटले नावं ठेवत नही," ते म्हणाले, आणि जाऊन समोरच्या खुर्चीवर बसले.

एवढंच. पंचेचाळीस वर्षं हा माणूस धुळ्यात, जळगावात, कुठंही एक शब्द बोलला असता, तर नानांची खुर्ची त्याच दिवशी गेली असती. तो बोलला नव्हता. आजही बोलणार नव्हता. खोलीतले बारा-पंधरा लोक वाट बघत उभे होते, आणि नुसतं खेळायला बसलं की झालं असतं. या थरथरत्या हाताला हरवणं ते काय कठीण! स्ट्रायकर छातीवर राहिला असता, खुर्ची राहिली असती.

नानांनी बसायला खुर्ची ओढली. मग तशीच सोडली.

"निंबा," ते म्हणाले, "पाना आण. हा पाय उचल."

"नाना, हलवायचा नाही ना बोर्ड?"

"उचल म्हणतो ना!"

निंबानं पाना घालून पाय कसाबसा अर्धा बोट उचलला. नाना गुडघ्यांवर बसले, आत बोटं घातली आणि गुलाबी कागद बाहेर काढला. सगळ्यांसमोर धरला. "मी भाईदास भाऊला खेळून हरवलं नाही," ते म्हणाले. "यानं हरवलं." आणि तो जुनाट कागद त्यांच्या बोटांत चुरा होऊन फरशीवर सांडला.

निंबाच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उगवत गेलं. "म्हणजे," तो म्हणाला, "जळगावच्या पावडरीत काही दोष नव्हता?"

"नव्हता."

"आणि धुळ्याचं पाणी?"

"गोड आहे."

"मी तीनदा हरलो, नाना! तिसऱ्यांदा तर घरून पाणी भरून नेलं होतं!"

बोर्ड आता सपाट झाला होता. डाव मांडला. आबांनी खिशातून साधा पांढरा स्ट्रायकर काढला, नानांनी आपला हिरवा. आबांनी फोडलं, सोंगट्या पसरल्या, पण पॉकेटात एकही नाही. नानांनी मारलं, सोंगटी कडेला लागली. आबांची पुढची गेली आणि ओठाजवळून निसटली. नानांचीही निसटली. आठ हात झाले, दहा झाले, पॉकेटं रिकामी. जन्मभर खेळलेली दोन माणसं, आणि सोंगटी पडेना!

"आबांना सपाट बोर्डावर येत नाही," हेमलता ओशाळून म्हणाली. "आमच्या घरच्या बोर्डाच्या पायाखालीही असाच कागद असतो. लहानपणापासून बघते. आम्हाला वाटायचं, जमीनच वाकडी आहे."

आबा नानांकडं बघून पहिल्यांदाच हसले. मग पिशवीतला पावडरचा डबा उघडून झाकणाच्या आतून त्यांनी एक घडी काढली. गुलाबी. बिडीच्या बंडलाची.

"पायखाले एसटीनं तिकीट घालीसन दखं," ते म्हणाले. "कमी पडनं. कॅलेंडरना कागद जास्ती व्हयना. तीन वर्सं लागनी माले, चुडामण, तुना उतार सापडाले. मंग बाकीनी वर्सं खेळनू." आणि घडी पुढं केली. "ठेव पाछा."

म्हणजे घरी बसून या माणसानं अंदाजानं, आठवणीनं, हरलेल्या एका सोंगटीच्या वळणावरून हा बोर्ड पुन्हा बनवला होता, आणि रोज त्यावर बसला होता. नानांनी दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तशी, ती घडी घेतली. निंबानं पाय उचलला. घडी खाचेत बरोबर बसली.

नवा डाव. फोडायचं आबांकडंच.

हात थरथरत स्ट्रायकरपर्यंत गेला. तर्जनी स्ट्रायकरला टेकली, आणि थरथर थांबली. पंखा बंद केल्यावर हळूहळू थांबतो तशी नव्हे. कापली गेल्यासारखी. पहिली पांढरी गेली. दुसरी. तिसरी कडेला लागून, उताराला जरा थांबून, जणू कोणी तिला नाव घेऊन बोलावलं असावं अशी वळली आणि आत पडली. प्रत्येक वेळी हात उचलला की पुन्हा थरथर, बोट टेकलं की पुन्हा दगड. पाचवी, सहावी. राणी दोन काळ्यांच्या मधून गेली, त्यांना वारासुद्धा लागला नाही. तिच्यामागं सातवी. आठवी. शेवटची नववी नेमकी त्या जुन्याच पॉकेटाच्या तोंडाशी आली, कूस बदलायला लागली, आणि बदलत बदलतच आत गेली.

नानांना एकदाही हात लावायला मिळाला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते टाळ्या वाजवत होते. स्वतःच्या हरण्याला एवढ्या टाळ्या एरंडोलात कोणी वाजवल्या नसतील.

मग त्यांनी गळ्यातला काळा दोरा काढला. पिवळा स्ट्रायकर आबांच्या हातात ठेवला. आबांनी तो खिशात टाकला आणि हात तसाच पुढं ठेवला.

"काय?" नाना म्हणाले.

"तू हारना ना? तुना स्ट्रायकर?"

रिवाज तो रिवाज. नानांनी हिरवा स्ट्रायकर दिला. रिक्षात बसताना आबा मागं वळून म्हणाले, "लेवाले ये पिंपळनेरले."

नाना आयुष्यात कधी बाहेरगावी कॅरम खेळले नव्हते. फिरत्या खेळाडूंच्या इतक्या कथा सांगितल्या, पण स्वतः एरंडोलबाहेर बोर्डाला हात लावला नव्हता. का, ते आता सगळ्या गावाला माहीत झालं होतं. बुधवारी कोणी उठून खुर्ची दिली नाही. नाना बाकावर बसले, आणि पाच वाजेपर्यंत एकही कथा न सांगता निंबाच्या स्ट्रायकरनं खेळत राहिले.

शनिवारी सकाळी निंबानं त्यांना मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं. नानांच्या पिशवीत पावडरचा डबा होता आणि निंबानं दिलेला उसना स्ट्रायकर.

"नाना, पण त्यांचाच बोर्ड, त्यांचाच उतार," निंबा म्हणाला. "जमेल का?"

"बोर्डाला नावं ठेवू नकोस," नाना म्हणाले.

धुळ्याची गाडी यायला वेळ होता. कँटीनमधून निंबानं दोघांसाठी भजी आणली. नानांनी बशी घेतली, इकडंतिकडं पाहिलं, आणि उजव्या हाताची तर्जनी वर करून बाकीच्या बोटांनी पहिलं भजं उचललं.