तुतींचा आळ

हज्जा तफीदावर तेरा वर्षं एकच आळ होता. सुनेचे डोहाळे तिनं पुरवले नाहीत, म्हणून नातीच्या अंगभर तीळ उठले.

पोटुशी बाईला काही खावंसं वाटलं, ते मिळालं नाही, आणि तिनं हळहळत स्वतःच्या अंगाला हात लावला, की बाळाच्या नेमक्या त्याच जागी त्या वस्तूची खूण उमटते, हे रशीद गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सून नजवा हिला सातव्या महिन्यात तुती हव्या होत्या. घरात कालव्याकाठच्या झाडाच्या तुतींची एकच पाटी आलेली, आणि ती तफीदानं पलंगाखाली सारली, कारण तिची स्वतःची लेकही पोटुशी होती. लेकीला मुलगा झाला, सोललेल्या अंड्यासारखा लख्ख. नजवाला जुमाना झाली ती गालावर एक काळा तीळ घेऊनच, आणि पोर शाळेत जाईपर्यंत तिच्या गालांवर, मानेवर, दंडांवर काळे ठिपके उगवत गेले. आता याहून वेगळा पुरावा तो काय हवा? समोरच्या माडीवरची उम्म वाएल तर दर मोसमाला पोरीला उजेडात उभी करायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची, "यंदा चार नव्या तुती पिकल्या गं!"

तफीदानं भरपाई करून पाहिली. मोसमातल्या पहिल्या तुतींची वाटी ती दरसाल सुनेपुढं ठेवी. सून वाटी चाटूनपुसून संपवी आणि म्हणे, "आता काय उपयोग, हज्जा?"

जुमाना तेरा वर्षांची झाली तरी तिसरीतली वाटायची. शेवटी यंदा कुणा शहाण्या डॉक्टरनं रक्त तपासलं, उंचीसाठी रोजची सुई सुरू केली आणि तिळांसाठी अलेक्झांड्रियाच्या मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं धाडलं. इकडं उम्म वाएलची लेक आपल्या पार्लरमध्ये सगळे तीळ फुकटात जाळून द्यायला टपलेलीच होती. "नातीची काळजी वाटते" म्हणून तफीदा बरोबर निघाली. काळजी होतीच, खोटं कशाला बोला. पण एका शिकल्या-सवरल्या माणसाच्या तोंडून आपली सुटका ऐकायची, हा तिचा खरा बेत होता.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं भिंगातून एकेक तीळ न्याहाळला, वर वळलेली नखं पाहिली, मग कानाच्या पाळीवर बोट ठेवलं. "हा गोळा कसला?"

"कान टोचला होता," नजवा म्हणाली. "तिथंच वाढला."

"मग तीळ जाळायचे नाहीत. खरवडायचे नाहीत. हिच्या कातडीला लहानशी जखमही पुरते, तिथं असाच गोळा धरेल. उन्हात टोपी, अंगाला मलम, आणि वर्षातून एकदा मला दाखवायचं. एखादा तीळ वाढला, रंग बदलला, रक्त आलं, तर लगेच यायचं."

"ते सगळं करू," तफीदा पुढं सरकली. "पण पोरी, हे आले कशानं ते माझ्या सुनेसमोर सांग."

डॉक्टरीणबाईनं सांगितलं. माणसाच्या अंगात कणाकणांत आईबापांकडून आलेले धागे असतात. जुमानात त्यातला एक नाही. त्यामुळं उंची कमी, नखं अशी, आणि तीळही जास्त. कुणाची चूक नाही.

"हे ठरतं कधी?"

"गर्भ राहतो तेव्हाच. आईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो."

"म्हणजे सातव्या महिन्याच्या आधी?"

"पुष्कळच आधी, हज्जा."

तफीदानं सुनेकडं असं पाहिलं की नजवा भिंतीवरचा तक्ता वाचू लागली.

"आता हे कागदावर लिही. मी तुती लपवल्या त्याचा तिळांशी संबंध नाही म्हणून. आणि शिक्का मार. शिक्क्याशिवाय आमच्या रशीदमध्ये मेलेल्यालासुद्धा मेला म्हणत नाहीत."

हसून हसून डोळे पुसत डॉक्टरीणबाईनं लिहून दिलं, वर शिक्का ठोकला. तफीदानं कागद चोळीत खोवला.

परतीच्या मायक्रोबसमध्ये तिला कंठ फुटला. "तेरा वर्षं! तेरा वर्षं मी खाली मान घालून त्या माडीवरच्या बयेसमोरून गेले. आणि तू, नजवा? वाट्या गिळत होतीस!"

"मग काय करू?" नजवा एकदम तडकली. "तुमच्या तुती नसत्या तर सगळ्यांनी माझ्या पोटाला नावं ठेवली असती! दुसरी बायको बघा म्हणाले असते तुमच्या लेकाला. तुमच्यावर ढकललं म्हणून मी जगले, हज्जा."

ती रडायला लागली. चालकानं गाणं बंद केलं, कारण फुकट ऐकायला हे जास्त चांगलं होतं. बाहीतला रुमाल काढून तफीदानं सुनेच्या मांडीवर टाकला.

खिडकीशी बसलेली जुमाना आजीकडं वळली. "तीता," ती म्हणाली, "शाळेत पोरी विचारतात ना, तेव्हा मी सांगते, माझ्या आजीनं तुती लपवल्या. मग सगळ्या हसतात, आपापल्या आज्यांच्या गोष्टी सांगतात. आता काय सांगू? माझ्यात एक वस्तू टाकायचीच राहिली म्हणून?"

तफीदानं चोळीवर हात ठेवला. कागद कुरकुरला.

गल्लीत पाऊल टाकलं तर उम्म वाएल माडीवरून भाजीची टोपली सोडत होती. दोर तसाच हातात धरून ती ओरडली, "काय म्हणाली गं डॉक्टरीण?"

तेरा वर्षं तफीदा या एका प्रश्नासाठी जगली होती. उत्तर पाठ होतं. शिक्का होता. गल्लीत माणसंही हवी तेवढी होती. तिनं नातीकडं पाहिलं, मग वर मान केली.

"काय म्हणणार? तुतीच! पाटीभर होत्या. एक दिली नाही मी. जा, सांग सगळ्यांना."

"मी म्हणतच होते!" उम्म वाएल उजळली.

"खोटं आहे!" नजवा मध्येच कडाडली. "मी मागितल्याच नव्हत्या!"

"तू गप. घसा कोरडा होईस्तोवर मागत होतीस."

"कलिंगड मागत होते मी!"

"उगीच माझं पाप धुऊ नकोस, मी लपवल्यात!"

"हज्जा, तुम्हांला साधं मीठ लपवता येत नाही!"

दोघी हातवारे करत, एकमेकींना ढकलत, गुन्हा आपापल्या अंगावर ओढत होत्या. कोपऱ्यावर फूल नावाची उसळ विकणारा फूलवाला झारा टाकून आला. उम्म वाएलची टोपली अधांतरी लटकली होती, आणि कुणाची बाजू घ्यावी हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळेना.

जुमाना उंबऱ्यावर चढली, तेवढीच उंच दिसावी म्हणून. तिचा आवाज मात्र मुळातच मोठा होता.

"उम्म वाएल! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्यात एक धागा कमी आहे." तिनं आई-आजीकडं बोट केलं. हसू आधीच बाहेर पडलं. "आणि ह्या दोघींत चारचार जास्त आहेत!"

गल्ली हसली, फूलवाला सगळ्यांत मोठ्यानं. तफीदा हसली नाही. तिनं नातीला उंबऱ्यावरून उचलून कडेवर घेतलं, तेरा वर्षांच्या घोडीला, भर रस्त्यात, आणि तिच्या तिळांनी भरलेल्या गालाचे मुके घेत सुटली.