एकाच फोनचे फोटो

फोटो पहिला

दीप्ती लकडगंजमागच्या वस्तीत, विहाराच्या भिंतीला टेकून बसली आहे. घट्ट वेण्या, अंगात गणवेश, हातात मोबाइल. ऑनलाइन शिक्षणात रमलेली विद्यार्थिनी!

फोटोत न दिसणारं : मोबाइल दीप्तीच्या शिक्षिका शामला मॅडमच्या मुलीचा, मयुराचा. कोरोनाने शाळा बंद होती आणि ‘आमचे सगळे विद्यार्थी ऑनलाइन’ असा अहवाल मुख्याध्यापकांना वर शिक्षण खात्याकडे पाठवायचा होता. पुराव्याला फोटो हवे होते. मॅडमनी मयुराचा फोन पिशवीत टाकला आणि वस्ती गाठली.

फोटो दुसरा

पियूष. तोच फोन. त्याच्यामागे रांगेत उभी असलेली मुलं चौकटीबाहेर.

“सगळ्यांच्या हातात एकच पिवळं कव्हर?” मुख्याध्यापक महादेवराव फोटो पाहून म्हणाले. “मॅडम, कव्हर तरी काढायचं होतं!”

दोघंही हसली. हो, शामलाही हसली. आणि अहवाल गेला.

फोटो तिसरा (हा कुणी काढला नाही)

रामदासपेठेतल्या शामलाच्या फाटकाशी दीप्तीची आई उभी आहे, तोंडाला ओढणी बांधून. धान्याच्या दुकानात निवडण-पाखडण करणाऱ्या सिंधूताई. आत मयुराचा तास सुरू आहे.

“सिंधूताई, तुम्ही इकडे?”

“एका संस्थेनं टॅब वाटले, मॅडम. बाजूच्या शाळेच्या पोरायले भेटले. मी त्या बाईले विचारलं, माह्या पोरीले काहून नाही? तर तिनं मले शाळेच्या अहवालातला दीप्तीचा फोटोच दाखवला. म्हणे, तुमच्या मुलीकडं तर फोन आहे! मी म्हटलं, नाही जी. ती हसली माह्यावर. चार लोकांत मी खोटी ठरली, मॅडम.”

“वरून सांगितलं होतं हो. मी तरी काय करणार?”

“फोटो काढा म्हणून सांगितलं असंल. फोन हातात द्या म्हणून सांगितलं का?”

“शाळेचं नाव...”

“माह्या घरी फोन नाही, याची मले लाज नाही वाटत. तुमालेच वाटली! नाही ते नाही म्हणून लिहिलं असतं, तर कोणी दिलं असतं. तुमी आमची गरजच झाकून टाकली. आता दीप्ती माह्यासंगं दुकानात येऊन राहिली. म्हणते, आई, मले आता काहीच येत नाही, शाळा उघडली तरी जाऊन काय करू?”

आतून मयुरा ओरडली, “आई, हळू बोला नं! माझा तास चालू आहे!”



फोटो नाही

त्याच दुपारी तिने संस्थेला फोन केला. “ते फोटो खोटे आहेत. मी काढलेत. दीप्तीची आई खरं बोलत होती.” टॅब संपले होते. पुन्हा आले तर पाहू, एवढंच उत्तर मिळालं.

“शाळेची इज्जत घालवली तुम्ही!” हे कळताच महादेवराव कडाडले.

“ती मी वस्तीतच घालवून आले होते, सर.”

मग ती धान्याच्या दुकानात गेली. दीप्ती सुपात तूर घेऊन खडे वेचत होती. हातांना धूळ.

“दीप्ती, माझं चुकलं. विहाराच्या अंगणात मी रोज शिकवायला येणार आहे. फळा आणते. येशील?”

मुलीने सूप हलवलं.

“मॅडम, तुमी फोन हातात दिला नं,” ती खालीच बघत म्हणाली, “तवा मले वाटलं, देऊनच राहिल्या. मी घरी सांगितलंबी होतं.”

शामलाने विहाराच्या अंगणात फळा लावला. पहिल्या दिवशी दीप्ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडम रोज येत राहिल्या. एका सकाळी दीप्ती आली आणि सगळ्यांच्या मागे, पायरीवर बसली. मॅडमनी धडा पहिल्यापासून सुरू केला.

नागरिकहो, गरिबाच्या घरात फोन नसणं हा त्याचा गुन्हा नाही. नसलेला फोन आहे असं दाखवणं हा आपला गुन्हा आहे! आपल्या अहवालात सगळी मुलं शिकत असतात, तेव्हा जे मूल मागे राहिलं त्याला शोधायला कुणीच निघत नाही. लाज वाटायची असेल तर या खोटेपणाची वाटू द्या. आणि वाटली, की त्या मुलापर्यंत चालत जा.