मशीन बिघडलंय

पहाटे साडेतीनला जी भूक लागते ना, ती पोटाची नसतेच मुळी. ती शिणलेल्या डोक्याची असते, आखडलेल्या पाठीची असते. हवं तर लॅबमामाला विचारा. सगळं इस्पितळ त्याला मामाच म्हणायचं. तळघरातल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रात्रपाळीला तो एकटाच. दुसऱ्या माणसाची जागा दीड वर्ष रिकामी, फोन मात्र दोघांच्या वाटचे. "मामा, रिपोर्ट झाला का?" "मामा, अजून किती वेळ?" अरे, माणसाला हात किती, दोनच ना!

असा एखादा फोन आपटला की मामाचे पाय आपोआप जिन्याखालच्या खाऊच्या मशीनकडे वळायचे. वेफर्स, क्रीमची बिस्किटं, वर गोड गार पेय. बटण दाबलं की पुडा धपकन खाली पडायचा आणि त्या आवाजानेच त्याचे खांदे सैल व्हायचे. बायकोने दिलेला काकडी आणि उकडलेल्या कडधान्यांचा डबा वॉचमनच्या पोटात जायचा. सकाळी घरी "डबा संपवलात?" "चाटूनपुसून!" वर्षभर हीच थाप चालली होती, आणि ती मारताना मामाला दरवेळी लाज वाटायची. तरी दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

बायको काही भोळी नव्हती. अठ्ठावीस वर्षं याच इस्पितळात वॉर्डात सिस्टर होती; गुडघ्यांनी दगा दिला म्हणून लवकर निवृत्त झाली. तिच्या थोरल्या भावाचे डोळे साखरेने गेले. त्याला हाताला धरून फिरवता फिरवता ती एकदा मामाला म्हणाली होती, "तुमचं असं काही झालं तर मात्र मला झेपायचं नाही हो."

"माझं? छे!" मामा म्हणाला होता. "माझी साखर ब्याण्णव."

आणि ती होतीच ब्याण्णव, वर्षानुवर्षं. इतकी ठरलेली, की तपासणीच्या मशीनवर शंका आली की मामा स्वतःचंच रक्त घालून बघायचा. ब्याण्णवच्या आसपास आकडा आला की मशीन ठणठणीत. नियमात हे मुळीच बसत नव्हतं. पण नियमाची तपासणी ज्या ठरावीक साखरेच्या द्रावणाने करायची, ते फ्रीझरमधून काढून वितळायलाच अर्धा तास जातो. अर्धा तास कुणी देतंय का इथे?

त्या रात्री वीज गेली, लगेच आली आणि मशीन कुरकुरायला लागलं. गेल्या वर्षभरात अशी वेळ आली नव्हती. मामाने द्रावण वितळायला ठेवलं. तोवर दंडाला पट्टा बांधला, एक टोक दातात धरलं, नेहमीच्या सफाईने नळी भरून घेतली आणि मशीनमध्ये सरकवली.

तीनशे अठरा.

"मेलं!" मामा ओरडला. "मशीन गेलं!"

त्याने तातडीच्या वॉर्डात फोन लावला. "रिपोर्ट उशिरा. मशीन बिघडलंय."

"मामा, इथे पेशंटचा जीव टांगणीला लागलाय!" तिथली सिस्टर कडाडली.

"मग मशीनला सांगा ना ते!"

त्याने मशीन बंद करून चालू केलं, आतल्या नळ्या धुतल्या, तीच नळी पुन्हा घातली. तीनशे एकवीस. कंपनीला एक अस्सल शिवी हासडून झाली. एवढ्यात द्रावण वितळलं. ते घातलं आणि आकडा जिथे यायला हवा तिथेच आला, अगदी दशांशासकट. दुसरं घातलं, तेही बरोबर.

मशीनला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

मामा स्टुलावर बसून राहिला. रात्रीत चारचारदा पाण्याची बाटली भरणं, तेवढ्याच वेळा लघवीला जाणं, नळीवरची नावं पुसट दिसणं. या सगळ्याचं खापर त्याने उकाड्यावर, वयावर, तळघरातल्या ट्यूबलाइटवर फोडलं होतं. लोकांच्या रिपोर्टात जे तो झोपेतही ओळखेल, ते स्वतःच्या अंगात त्याला दिसलं नव्हतं. अडकलेले रिपोर्ट त्याने वर पाठवले.

पडद्यावर एकच ओळ राहिली, त्याच्या स्वतःच्या नळीची, लाल. तीनशेच्या वर साखर गेली की कुणाला कळवलं ते भरायचं, त्याशिवाय ओळ हलत नाही. वॉर्डात फोन करायचा, आकडा सांगायचा, समोरच्या सिस्टरने तो परत म्हणायचा, मग बेड नंबर सांगायचा. लग्नाआधी वर्षभर मामा आणि त्याची बायको एकमेकांशी एवढंच तर बोलत होते.

ओळ पुसून टाकता आली असती. बोट बटणापर्यंत गेलंही. मग त्याने घरचा नंबर लावला.

"बोला, लॅब," ती झोपेतच म्हणाली. इतक्या वर्षांची सवय.

"साखर. तीनशे अठरा."

"तीनशे अठरा," तिने परत म्हटलं. "बेड नंबर?"



"तुझ्या शेजारचा," तो म्हणाला.

पलीकडे दिव्याचं बटण खटकन वाजलं. आणि अठ्ठावीस वर्षं कसलेही आकडे शांतपणे लिहून घेणारी ती सिस्टर फोनवरच रडायला लागली.