हनुवटी कुणावर गेली

उदयरावांच्या दाढीला भोपाळच्या अयोध्या नगरातल्या मराठी मंडळींत मोठा मान होता. खुद्द मनोरमाबाईंनीही नवऱ्याला बिनदाढीचं कधी पाहिलं नव्हतं. बोहल्यावर दाढीवाला नवरदेव बघून त्यांच्या मामांनी नाक मुरडलं होतं, ते मुरडलेलंच राहिलं. पुढं सासरे शांतारामपंत गेले. दहाव्याला क्षौर करायची वेळ आली आणि थोरल्या मुलानं, म्हणजे उदयरावांनी, नागपूरच्या घाटावर सगळ्यांदेखत सांगितलं, "केस उतरवल्यानं बाबा परत येणार असतील, तर आत्ता उतरवतो." गुरुजींनी पुढचा विधी उरकला. त्या दिवसापासून उदयराव सुधारक ठरले. भोपाळच्या मराठी मंडळींनी त्यांना अंधश्रद्धेवर बोलायला बोलावलं आणि ते दाढी कुरवाळत बोललेही. मनोरमाबाईंना कोण अभिमान! नवऱ्याच्या तत्त्वापायी सासरच्या माणसांचे टोमणे खाल्ले ते त्यांनीच, पण तक्रार केली नाही.

असा हा सुधारक एके दिवशी जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "देवानं दिलेलं रूप बदलू नये." मनोरमाबाईंची तव्यावरची पोळी करपली.

विषय होता लेकीच्या हनुवटीचा. शमिका महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. शिकवते झकास. पण हल्ली सगळं कॅमेऱ्यासमोर. फळ्यावर लिहायला वळली की चेहरा बाजूनं दिसतो, आणि बाजूनं शमिकाची हनुवटी ओठाखाली जेमतेम उगवते आणि लगेच गळ्यात उतरते. व्हिडिओखाली पोरं लिहितात, "मॅम की ठुड्डी छुट्टी पर है क्या?" मेल्यांनो, समीकरणं सोडवा की! पण पोरांना सांगणार कोण? शमिका हसण्यावारी न्यायची. मग तिनं फळ्याकडं वळणंच सोडलं. कॅमेऱ्याकडं तोंड ठेवून हात मागं नेऊन लिहायची, अक्षर तिरकं जायचं. शेवटी डॉक्टर गाठला.

"हाड आतून कापून थोडं पुढं सरकवतात," तिनं आईबाबांना समजावलं. "बारीक पट्टी आणि स्क्रू लावतात. सगळं तोंडातून, बाहेर व्रणसुद्धा दिसत नाही."

"मी येणार नाही," उदयराव म्हणाले.

"बाबा, मी तुमची परवानगी मागत नाहीये. तारीख ठरलीय. पण तुम्ही बाहेर बसलेले नसाल तर मला भूल घेववणार नाही. एवढंच सांगायचं होतं."

उदयराव ताटावरून उठले. भरल्या ताटावरून ते कधी उठत नसत.

मनोरमाबाईंचं काळीज दोन्हीकडून ओढलं जात होतं. लेकीचं दुःख त्यांना कळत होतं. पण ती हनुवटी त्यांची फार लाडकी होती. तान्ह्या शमिकाला पाजताना त्या तीच बोटानं खाजवायच्या, आणि पोरगी दूध सोडून हसायची. आता ती बदलणार म्हटल्यावर त्यांना आत कुठंतरी रडू येत होतं, आणि ते बोलून दाखवायची चोरी होती. त्यात जुनं शल्य वेगळंच. बारशालाच चुलत जाऊ कुसुमताई म्हणाल्या होत्या, "हनुवटी कुणावर गेली गं हिची? आपल्यात नाही बाई अशी कुणाची." सासूबाई जवळच बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. झालं, खापर माहेरावर फुटलं. मनोरमाबाईंनी माहेरचे सगळे फोटो धुंडाळले, पार मेलेल्या आत्यांपर्यंत. तशी हनुवटी कुठंच सापडली नाही.

"क्षौराच्या वेळी तुमचा देव कुठं गेला होता?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "आता लेकीच्या वेळी बरा सापडला!"

उदयरावांनी दाढीतून हात फिरवला आणि पेपर उघडला. या माणसाशी भांडण म्हणजे भिंतीशी भांडण.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मायलेकी दोघीच निघाल्या. न्हाणीघराचं दार बंद होतं. "अहो, आम्ही निघतोय," मनोरमाबाईंनी हाक मारली. आतून फक्त पाण्याचा आवाज आला. डिसेंबरची थंडी होती, रिक्षात शमिका आईला चिकटून बसली.

खोलीत नर्सनं तिला हिरवा गाऊन दिला. सह्या झाल्या. "पाच मिनट में ले चलेंगे," नर्स सांगून गेली. शमिका दाराकडं बघत राहिली. "आई, मला जमेलसं वाटत नाही. घरी जाऊ या," ती म्हणाली आणि पलंगावरून पाय खाली सोडले.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. मनोरमाबाईंनी "किससे मिलना है?" असं विचारलंसुद्धा. माणसानं मफलर सोडला.

कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर जसा फिका चौकोन उरतो, तसा उदयरावांचा अर्धा चेहरा पांढराफटक होता. सवय मोडलेल्या हातानं दोन ठिकाणी कापून घेतलं होतं, वर कापूस चिकटवला होता. आणि त्या कापसाखाली हनुवटी जेमतेम उगवत होती आणि लगेच गळ्यात उतरत होती.

"बाबा," शमिका म्हणाली, "ही तर माझी आहे."

"तुझी कशी? माझी. तुला माझ्याकडून आलीय." उदयराव म्हणाले. "कॉलेजात पोरं फार पिडायची. दाढी फुटली आणि मी सुटलो. तुला ती सोय नव्हती. तू लहान होतीस तेव्हापासून दिसत होतं मला, पण तोंड उघडायचा धीर झाला नाही."

"आणि दहाव्याला?" मनोरमाबाईंनी विचारलं. "ते तत्त्व?"

"तत्त्व कसलं, मनू! घाटावर सगळं गणगोत जमलं होतं. घाबरलो."

मनोरमाबाईंना आता सगळं उमगलं. इतकी वर्षं हा माणूस माहेरावर खापर फुटू देत होता, आणि आपण त्याच्या सुधारणेचे पोवाडे गात होतो! "माझ्या मेलेल्या आत्यांची तोंडं तपासली हो मी," त्या म्हणाल्या. रागानं म्हणायचं होतं, पण मध्येच हुंदका आला.

शमिका उठून बापाजवळ गेली. तिनं दोन बोटांनी ती हनुवटी चाचपली, कापूस सांभाळून. "मला वाटायचं, मी कुणासारखीच नाही," ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे वाहत होते.

"करून घे तू," उदयराव म्हणाले. "माझ्या वेळी मिळालं असतं तर मीच पहिला टेबलावर चढलो असतो. देवाबिवाचं काही नव्हतं गं. तू ती नको म्हणालीस, तर मला वाटलं, तुला मीच नको झालो."

"वेडे आहात तुम्ही," शमिका म्हणाली. मग तिनं फोन आईकडं दिला. "आई, आमचा दोघांचा फोटो काढ. बाजूनं."

आजवर तिनं बाजूनं फोटो काढू दिला नव्हता. दोघं खिडकीशी एकामागं एक उभे राहिले, दोघांनी एकाच दिशेला तोंडं केली. मनोरमाबाईंनी दोन-तीन फोटो काढले. मग नर्स आली, आणि शमिका वडिलांना "इथंच बसा हं" असं बजावून तिच्याबरोबर चालत गेली.

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. जाणारे-येणारे बघत होते, निदान उदयरावांना तसं वाटत होतं. त्यांनी मान खाली घातली आणि मफलर पुन्हा वर ओढायला लागले.

मनोरमाबाईंनी त्यांचा हात धरला. "काही झाकू नका," त्या म्हणाल्या. "तिची आता बदलणार. एक तरी घरात राहू दे, मला बघायला."