थोरल्याच्या नावाची नळी

मुंबईहून तार आली तेव्हा मी अंगणात बोंबील राखत होते आणि आमचे हे पडवीत बसून जाळं सांधत होते. यांचं नाव मी तेव्हा घेत नसे, आमच्यात बायका घेत नाहीत. त्या दिवशी ते पोस्टमननं घेतलं. कुंपणाबाहेरूनच तो खालच्या मानेनं म्हणाला, "रावजी दादू वारले. आगबोटीवर अपघात झाला."

हे जाळ्यातून मान वर करून म्हणाले, "अरे मेल्या, रावजी मीच!"

माझी धाकटी जाऊ येसू चुलीपासून उठून दारात आली होती. तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावोजी तर हितंच हायत की!" मीही हसले. मग यांनी उठून तार हातात घेतली. खाली बसून एवढंच म्हणाले, "नळी."

येसूच्या तोंडावर ते हसू तसंच राहिलं होतं. दर्याकाठी जन्म गेला माझा, पुष्कळ मरणं पाहिली. पण आपण विधवा झाल्याची खबर हसत ऐकलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, देव करो आणि कोणी न पाहो.

आगबोटीवर नोकरीला चढायचं तर सरकारी दाखला लागतो. तो पत्र्याच्या नळीत ठेवतात म्हणून आमच्याकडे त्यालाच नळी म्हणतात. यांची नळी होती. पण दम्यानं छाती धरली आणि हे इथं आमच्या गावी, काळबादेवीला, परत आले ते कायमचे. धाकट्या गुणाजीला जायचं होतं, आणि नवी नळी काढायची तर किती जणांचे हात ओले करावे लागत. तेव्हा थोरल्याची नळी धाकट्यानं उचलली. आमच्या किनाऱ्यावर यात नवल काही नव्हतं. खलाशांवरच्या सारंगाला ठाऊक, गाववाल्यांना ठाऊक. ठाऊक नसायचं ते फक्त गोऱ्या कप्तानाला.

गुणाजी सुट्टीवर आला की मी त्याची चेष्टा करायची. "बोटीवर तुम्ही आमचे घरधनी, खाडी ओलांडलीत की दीर!" तो हसायचा, येसू लाजून माजघरात पळायची. दर सुट्टीत तो वरच्या कातळी सड्याच्या कडेला आपल्या वेगळ्या घराचं जोतं बांधायचा. चिरे स्वतः वाहून आणायचा. जोतं पुरं झालं होतं. पुढच्या खेपेला भिंती चढवायच्या म्हणून गेला आणि मुंबईच्या गोदीत बोटीच्या तळात पडला. फळी सरकली म्हणे.

हे सगळं भिकाजीनं सांगितलं. मुंबईत गावच्या माणसांची खोली होती, ती भिकाजी सांभाळायचा. अस्थी घेऊन तोच आला. इस्पितळात नाव रावजी, मसणात नाव रावजी. भिकाजी तरी काय करणार, कागद तसे होते.

अस्थी उतरवून ठेवल्यावर त्यानं खिशातून एक सरकारी कागद काढला. कामावर माणूस मेला तर त्याच्या बायकोला भरपाई द्यायची, असा कायदा होऊन पाचेक वर्षं झाली होती. मुंबईच्या साहेबानं रत्नागिरीच्या मामलेदाराला लिहिलं होतं की रावजी दादूच्या विधवेचा जबाब घ्या.

"तुळसावयनी," भिकाजी माझ्याकडे वळला, "कागदावर बायको तुमीच. एक दिवस कुंकू पुसून कचेरीत बसलात, तर..."

"तर तुजी जीभ हासडीन," मी म्हटलं. "घोव पडवीत बसलाय जिता नि मी कुंकू पुसू? तुज्या बायकोला सांग जा."

 मग ठरलं की जबाबाला येसूनंच जायचं, आणि नवऱ्याचं नाव रावजी म्हणून सांगायचं. यांनी त्या दिवशी कोणाच्या नजरेस पडायचं नाही. आणि तोवर घरात मोठ्यानं रडायचं नाही.

"गुणाजी मेला म्हणून गावभर बोंब झाली नि ती कचेरीपर्यंत गेली, तर झाला सगळा," भिकाजी म्हणाला. "मंग ना भरपाई, ना काय."

येसूकडे बघवत नव्हतं. पण भरपाई मिळाली तर त्या जोत्यावर भिंती चढणार होत्या, ती आणि तिची लेक आनंदी आपल्या घरात राहणार होत्या. आमच्या घरात यांच्या दम्यापायी दोन वेळची मारामार. मग उरायचा तो येसूचा जयगडचा भाऊ, म्हणजे भावजयीच्या हाताखाली जन्म काढणं. येसूनं मान हलवली आणि म्हणाली, "सांगीन."

दिवस झाले, तेही दबक्या आवाजात. भटानं पिंडावर गुणाजीचं नाव घेतलं ते कुजबुजल्यासारखं. आमच्याकडे माणूस गेलं की बायका नाव घेऊन हंबरडा फोडतात, सगळ्या आळीला ऐकू जातो. येसूनं पदराचा बोळा तोंडात कोंबून दिवस काढले. हे तर दिवसभर परसात धापा टाकत लाकडं फोडत बसायचे. फोडून झालेली पुन्हा फोडायचे. नळी आपण दिली हे त्यांच्या मनातून जाईना, आणि ते बोलायचीही चोरी होती.

मी येसूला पढवत होते. "सांग, नवऱ्याचं नाव..." असं म्हणताना पुढचं नाव मलाच उच्चारता यायचं नाही, मी बोटानं यांच्याकडे दाखवायची. तशा दुःखातही एकदा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो आणि मग कितीतरी वेळ रडलो, अर्थात तोंड दाबून.

"बाय," ती म्हणाली, "घोवाचं नाव कंदी तोंडातनं काढलं नाय मी. आता काढायचा तर भावोजींचा? नि तो पण घोव म्हणून?"

मी म्हटलं, "पोरीकडं बघ नि काढ."

साखरतरच्या तरीत, म्हणजे उतारू नेणाऱ्या होडीत, बसून आम्ही खाडी ओलांडली आणि चालत रत्नागिरी गाठली. आनंदी माझ्या कडेवर होती. भिकाजी पुढं. कचेरीत खूप वेळ तिष्ठत बसवलं, मग आत बोलावलं. मामलेदार म्हातारे होते, घाटावरचे. माणूस बरा होता, खोटं कशाला बोलू? त्यांनी येसूला बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

येसू जमिनीकडे बघत बसली. त्यांनी पुन्हा विचारलं. 

"नाव घ्यायचं नसतं, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "आमच्या घरीही घेत नाहीत. पण कागदाला लागतं. असं करू, मी वाचतो, तुम्ही नुसती मान हलवा. रावजी दादू, आगबोटीवरचा खलाशी. हेच ना तुमचे यजमान?"

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. उच्चारायचंही नव्हतं काही, पापसुद्धा धड लागलं नसतं. दारातून भिकाजी स्वतःच मान हलवून दाखवत होता. येसूनं आनंदीकडे बघितलं. मला वाटलं, हलवली आता.

"नाय," ती म्हणाली. "गुणाजी."

कारकुनाचा टाक थांबला. मामलेदारांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"गुणाजी दादू," येसू मोठ्यानं म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "माजा घोव. गोदीत पडून त्ये मेले. दुसरा कोण मेला नाय."

"बाई, नीट विचार करा. या कागदात गुणाजी कुठंच नाही. असं लिहून घेतलं तर तुमच्या हाती काही लागणार नाही."

"लिवा."

"मग रावजी दादू कोण?"

येसूनं माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांनीच. मी आनंदीला कडेवर वर सरकवलं. धाकटी बोलली आणि थोरलीनं गप्प बसायचं? "रावजी माजे मालक," मी म्हटलं. "घरात हायत. जिते हायत." लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज. यांना कोणीतरी कागदात मारून ठेवलं होतं, तिथून मी परत आणलं असं मला वाटलं. आणि त्याच क्षणी येसूचा नवरा मात्र खरोखरचा मेला.

मामलेदारांनी नळीची चौकशी केली, ती जप्त झाल्याचं लिहिलं आणि खोट्या नावापायी आमच्यावर पुढं काही केलं नाही. जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर भिकाजी येसूवर उखडला. "भिंती गिळल्यास तू पोरीच्या! नुसती मान हलवायची होती."

"त्यासाटीच नाय हलवली," येसू म्हणाली. "दुसऱ्याच्या नावान राबले, दुसऱ्याच्या नावान जळले. मी पण मान हलवली असती तर त्ये जलमलेच नाय असा झाला असता." भिकाजी वाटेला लागला. चांगल्यासाठीच धडपडत होता बिचारा.

पुढं मुंबईहून उत्तर आलं की गुणाजी दादू नावाचा खलाशी कंपनीच्या बोटीवर कधीच नव्हता. कोणी शिकलेला, वकिलाशी बोलणारा पाठीशी असता तर कदाचित लढला असता. आमच्या पाठीशी होता भिकाजी. येसू आनंदीला घेऊन जयगडला गेली आणि तिथं जे भोगायचं ते तिनं भोगलं. जोतं अजून आहे. त्यावर भिंत चढली नाही, पण गुरं राखणारी पोरंही त्याला गुणाजीचं जोतं म्हणतात. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही तरीत बसून परत येत होतो. पलीकडच्या काठावर हे उभे दिसले. लपून राहायला सांगितलेला माणूस भर उन्हात सगळ्यांच्या देखत येऊन उभा होता. घरी बसवलं नसेल त्यांना. होडी काठाला लागली. ते नुसते आमच्या तोंडाकडे बघत राहिले.

येसू कधी थोरल्या दिरासमोर उभी राहून बोललेली नव्हती. ती पाण्यातच उतरली, त्यांच्यापुढं गेली आणि म्हणाली, "भावोजी, त्यांचं नाव सांगून आले मी. आता रडा."

हे तिथंच चिखलात बसले. "गुणाजी रे!" असं ओरडले की तरीवरची माणसं उतरायची थांबली. येसू त्यांच्याशेजारी खाली बसली आणि तिनं दुसऱ्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, ते पार पल्याड ऐकू गेलं असेल.