सत्तावन्न किलोचा वैजनाथ

आई गेली तेव्हा वैजनाथ अकरा वर्षांचा होता आणि दीपमालाच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. वडिलांनी सहा महिन्यांत दुसरं लग्न केल्याचं कळलं, तशी ती माहेरी हिंगोलीला गेली, भावाचे दोन शर्ट आणि दप्तर पिशवीत कोंबलं आणि त्याला कसबा पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत घेऊन आली. नवरा कोंडीराम शनिवार पेठेत एका छापखान्यात कामाला होता. मुळात कमी बोलणारा माणूस. मेहुण्याकडे बघून एवढंच म्हणाला, "जागा कमी आहे. पण हा तरी कुठं फार जागा घेतोय."

पोर खरंच काटकुळं होतं. दीपमालानं तेव्हा नुकतेच डबे सुरू केले होते. सदाशिव पेठेत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना रोज पोळी-भाजी, वरण-भात. पहाटे कणीक मळायला बसली की दहापर्यंत मान वर करायला सवड नसे. पण पहिल्या पोळ्या तव्यावरून थेट वैजनाथच्या ताटात पडत. तो खाली मान घालून खायचा आणि ताट चाटूनपुसून ठेवायचा.

आठवीत असताना त्यानं वर्गातल्या एकाचं नाक फोडलं. मुख्याध्यापकांनी दीपमालाला बोलावून घेतलं आणि वर एक सल्ला दिला, की मारामारीच करायची असेल तर याला बजरंग सरांकडे घाला. सर लष्करातून निवृत्त झालेले, धायरीकडचे. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकवायचे. महिनाभरानं ते स्वतःच घरी आले.

"बाई, पोराचं पाय बघा," ते म्हणाले. "हात म्या कुणालाबी शिकवीन. पाय आईच्या पोटातनं यावं लागत्यात. ह्याचं आल्यात."

आईचं नाव निघालं म्हणून असेल, दीपमालानं नाही म्हटलं नाही.

पुढची सात-आठ वर्षं जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा अशी गेली आणि एकविसाव्या वर्षी वैजनाथ व्यावसायिक झाला. फेदरवेट. म्हणजे लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहिल्यावर सत्तावन्न किलो आणि वर फार तर दीडशे ग्रॅम. त्या गटात त्याच्याएवढे लांब हात कुणाचे नव्हते, म्हणून सरांनी तो गट धरला होता. पण माणूस वाढतो. चोविशीत त्याचं एरवीचं वजन सहासष्टाला जाऊन टेकलं. मग प्रत्येक लढतीआधी सहा-सात आठवडे तो उकडलेल्या भाज्या आणि अंड्याचं पांढरं यांवर राहू लागला. शेवटचे चार-पाच किलो तर नुसतं पाणीच असायचं. ते काढायचं कसं, तर दीड दिवस पाणी बंद. प्लॅस्टिकचा सूट घालून दोरीवरच्या उड्या, मोरीत कढत पाण्याच्या बादल्यांची वाफ, वर दोन गोधड्या. लघवीच्या गोळ्याही तो घ्यायचा, पण ते दीपमालाला फार उशिरा कळलं. स्वयंपाकघरात चाळीस डब्यांना फोडणी पडत असायची आणि पलीकडे तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

राष्ट्रीय किताबाची पहिली संधी आली तेव्हा लढत पुण्यातच होती. वजन दुपारी चार वाजता एका हॉटेलवर व्हायचं होतं. सर एक वाजता मोजून गेले, "काठावर हाय, आता फक्त पडून राहू द्या," म्हणाले आणि हॉटेलवरच्या व्यवस्थेसाठी पुढे गेले. घरात दोघंच राहिली. दोनच्या सुमारास वैजनाथनं तिला हाक मारली. ओठ फुटले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती.

"अक्का, घोटभर पाणी दे."

"वैजू, दोनच तास राहिलेत."

"डोळ्यापुढं काळं येतंय गं."

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. वाळलेल्या कागदासारखं लागलं. तिनं तांब्या भरून आणला आणि घोटभर द्यायचा म्हणून त्याच्या तोंडाला लावला. त्यानं दोन्ही हातांनी तो धरला आणि अर्ध्याहून जास्त संपवला. तिला तांब्या ओढून घेता आला असता. तिनं घेतला नाही.

चार वाजता काटा सत्तावन्न किलो चारशे साठवर थांबला. नियमाप्रमाणे दोन तासांची मुदत मिळाली. हॉटेलच्या जिन्यावरून सूट घालून तो वर-खाली पळाला, तिसऱ्या फेरीला कोसळला. प्रतिस्पर्ध्यानं जास्त वजनाच्या माणसाशी लढायला नकार दिला. लढत रद्द.

सरांनी तेव्हाच त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आता वरच्या वजनात जायचं बघ. शरीर नको म्हणतंय."

"शरीर नाही," वैजनाथ म्हणाला, "अक्कानं पाणी दिलं."

वरच्या वजनाचा विषय तिथंच मागे पडला.

त्यानंतर साडेचार महिने वैजनाथ बहिणीशी बोलला नाही. दोन खोल्यांच्या घरात एकमेकांशी न बोलणं म्हणजे रोज नवी कसरत. तो बाहेर जेवायचा. ती त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच स्वतः खायची. कोंडीराम एकदा म्हणाला, "तू माणसासारखी वागलीस, एवढंच." तिला ते पटलं, पण त्यानं बरं वाटलं नाही.

मग एक दिवस वैजनाथ ओट्याशी येऊन उभा राहिला. दुसरी संधी आली होती.

"अक्का, या वेळी मी मागितलं तरी द्यायचं नाही. रडलो, पाया पडलो तरी नाही. माझी शपथ घे."

साडेचार महिन्यांनी त्याच्या तोंडून अक्का ऐकलं होतं. त्या शब्दासाठी तिनं कशाचीही शपथ घेतली असती. तिनं घेतली.

त्या दिवशी तो खरंच रडला. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, नुसताच चेहरा वेडावाकडा होत होता. दीपमालानं घरातलं पाण्याचं पिंप आधीच शेजाऱ्यांकडे ठेवून दिलं होतं, नळ बंद केला होता. मोरीच्या दाराला पाठ लावून ती बसली आणि आतून तो दार वाजवत राहिला. आधी अक्का म्हणत होता, मग शिव्या देऊ लागला, मग गप्प झाला. ते गप्प होणं तिला सगळ्यात जड गेलं. पण ती उठली नाही.

वजन सत्तावन्न किलो शंभर भरलं. दुसऱ्या दिवशी आठव्या फेरीत त्यानं समोरच्याला खाली पाडलं आणि कमरेला पट्टा बांधून घेतला. गर्दीतून वाट काढत तो आधी सरांकडे न जाता बहिणीकडे आला. त्याचा एक डोळा बंद झाला होता. "तुझ्यामुळं," म्हणाला. दीपमालाच्या आयुष्यात तिला कुणी त्याआधी किंवा त्यानंतर असं काही म्हटलं नाही.

पुढच्या तीन वर्षांत आणखी सहा लढती झाल्या. सहाही वेळा मोरीच्या दाराशी तीच बसली. पाच तो जिंकला. पेपरात फोटो आला, तो छापखान्यात कोंडीरामनं भिंतीला लावला. शेडमध्ये नवीन मुलं यायला लागली.

त्यानंतरच्या लढतीची तयारी सुरू झाली तेव्हा वजन उतरेना. उकडलेली भाजीही अर्धी केली, तरी काटा हलेना. उलट आठवड्यात दोन किलो चढले. वैजनाथला वाटलं, वय होतंय. तिशी जवळ आली, चरबी धरायला लागली. त्यानं पळणं वाढवलं, गोळ्या वाढवल्या. सकाळी त्याचे डोळे सुजलेले दिसायचे. एकदा तो मोजे काढत असताना दीपमालाला त्याच्या घोट्यावर खोल वळ दिसला. तिनं बोटानं दाबून पाहिलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"हे चरबीचं नाही, वैजू."

"लढत होऊ दे. मग बघू."

लढत झालीच नाही. बॉक्सिंगच्या परवान्यासाठी करायच्या रक्ततपासणीत सगळं बाहेर आलं. मूत्रपिंडाच्या डॉक्टर प्रियदर्शनी तरुण होत्या, घाई न करता बोलायच्या. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. अंगात साठत होतं ते पाणी होतं.

दीपमालानं त्यांना एकटीला गाठून विचारलं, "आम्ही त्याला पाणी देत नव्हतो. त्यानं झालं का?"

"एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येत," डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्या आहेत, वेदनाशामकं आहेत, वाढलेलं ब्लडप्रेशर आहे. आणि हो, वारंवार पाणी तोडणंही आहे."

शेवटचं वाक्य त्यांनी खालच्या आवाजात म्हटलं. दीपमालानं घरी कुणाला सांगितलं नाही.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. डबे पोचवून ती त्याला रिक्षानं घेऊन जायची, चार तास बाकड्यावर बसायची. दिवसाला लिटरभरच पाणी, तेही डाळ-ताक धरून. मोजून देण्याचं काम पुन्हा तिच्याकडेच आलं. पट्टा दुसऱ्या कुणाकडे गेला होता. वैजनाथ त्याबद्दल काही बोलत नसे. शेडमध्ये जाऊन खुर्चीवर बसायचा आणि मुलांच्या पायांकडे बघायचा.

तिनं आपलं मूत्रपिंड देऊ केलं. तपासण्या झाल्या, जुळलं. वैजनाथ मात्र ऐकेना.

"तुझ्यावर चाळीस डबे आहेत. मला नको."

असे पाच महिने गेले. एका दुपारी डायलिसिसहून आल्यावर तो थकून पडला होता आणि ती मेथी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "सात वेळा तू मला पाणी मागितलंस आणि मी दिलं नाही. एवढं एक मला देऊ दे."

वैजनाथ पंख्याकडे बघत म्हणाला,

"मीच शपथ घातली होती."

"घातली होतीस. मी मोडायची होती."

"मोडली असतीस तर मी परत तुझ्याशी बोललो नसतो."

"नसतास बोलला. धडधाकट असतास तरी."

तो कुशीवर वळला. त्याचे खांदे हलताना तिला दिसले. संध्याकाळी त्यानं कोंडीरामला फॉर्म आणून द्यायला सांगितलं.

ऑपरेशनची तारीख मार्चमधली मिळाली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला थंडी वाजून ताप आला. डायलिसिसच्या नळीच्या जागेतून संसर्ग रक्तात गेला होता. पाच दिवस तो अतिदक्षता विभागात होता. बोलणं दुसऱ्याच दिवशी बंद झालं. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला तो गेला. तिशी पुरी व्हायला दोन महिने होते.

वैकुंठ स्मशानभूमीत शेडमधली सगळी मुलं आली होती. खांदा द्यायला एवढे हात होते, की कोंडीरामला पुढे जायला जागा मिळेना.

तेराव्याला बजरंग सर आले. दाराजवळच्या खुर्चीवर टोपी हातात घेऊन बसले.

"बाई, म्या त्याला वरच्या वजनात पाठवायला पायजे हुतं," ते म्हणाले. "मला दिसत हुतं. पर पोरगं जिंकत हुतं."

"हो," दीपमाला म्हणाली.

तुमचा काय दोष, असं ती म्हणेल याची सर वाट बघत असावेत. ती म्हणाली नाही. तिलाही तसं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं त्यांना ताट वाढलं, भात दोनदा घ्यायला लावला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेली.

परत आली तेव्हा फोनवर सदाशिव पेठेतल्या एका मुलीचा निरोप होता. 'काकू, घाई नाही. पण डबे कधीपासून?' दीपमालानं लिहिलं, 'सोमवारपासून.'

सोमवारी पहाटे ती कणीक मळायला बसली तेव्हा कोंडीरामही उठला. इतक्या वर्षांत तो कधी या वेळी उठला नव्हता. त्यानं तोंड धुतलं, तिच्यासमोर फतकल मारली आणि बटाट्यांची पाटी पुढे ओढून ते सोलायला घेतले. त्याला ते येत नव्हतं, सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता. दीपमालानं एकदा बघितलं आणि त्याला सोलू दिलं.