प्लूटोची बाजू

देवळीच्या प्रेमदासांचं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असे, आणि त्यांच्या लेकीचं, पौर्णिमाचं, बरोबर त्याच्या उलट. मोबाइलनं माणसं दूर जातील असं ते म्हणाले, की ती म्हणे, जवळ येतील. अणुस्फोटापासून इराकच्या लढाईपर्यंत बापलेक असेच भांडत आले होते. चहा पार गार झाल्याशिवाय वाद मिटत नसे.

दोन हजार सहाचा पोळा झाल्यावर ती पुण्याहून आली, तेव्हा प्रेमदास अंथरुणाला खिळले होते. आजार काय आहे, हे वर्ध्याच्या डॉक्टरांनी फक्त तिला आणि आईला सांगितलं होतं.

त्यांच्या उशाशी पेपर होता. "पाह्य, प्लूटोले ग्रहांतून काढून टाकलं," ते म्हणाले. "लहान पाहून काढलं बिचाऱ्याले. आपल्या राजकारणात हेच चालते. त्याच्या मागं मतं नाई ना!"

एरवी ती तुटून पडली असती. आज तिला त्यांच्या मनगटाची हाडं दिसत होती. "खरंय, बाबा," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर आहे."

प्रेमदासांनी चष्मा काढला. "काऊन वं, डॉक्टरनं इतकं वाईट सांगतलं काय?"

ती चहा ठेवायला उठली. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून प्लूटोचा विषय काढला, शास्त्रज्ञांची बाजू जोरानं मांडली, बाबांना अडाणीसुद्धा म्हणाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुहंच खरं, माय," ते म्हणाले.